फाटकातला निरोप

आमच्याकडचे पाहुणे घरातून निघत नाहीत, फाटकातून निघतात. परवा ताई आणि भाऊजी निघाले. भाऊजींनी गाडी सुरू केली, ताईने आत बसून काच खाली घेतली, "येते गं" म्हणाली आणि आईशी तिच्या खऱ्या गप्पा तिथून सुरू झाल्या. गाडी जागेवरच धूर सोडत होती. मागच्या जास्वंदीची पानं थरथरत होती.

कुठेही न जाता जळणारं हे पेट्रोल कुणी हिशेबात धरतच नाही. चाक हललेलं नसतं, म्हणून प्रवासही झालेला नसतो. गल्लोगल्ली असेच निरोप चालू असणार, आणि त्यांचा धूर वर साठत असणार. निरोप थोडक्यात उरकावा असं मी म्हणणार नाही. पण त्याला इंजिन कशाला लागतं?

मी वाकून म्हटलं, "भाऊजी, बंद करा."

"अरे, निघालोच की."

"निघाल तेव्हा चालू करा. यापुढे दर वेळी सांगणार आहे मी."

त्यांनी हसत किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. ताई मघापासून ज्याला नुसतं "हो, हो" म्हणत होती, ते आईचं बोलणं आता तिला ऐकू आलं.

"डाव्या डोळ्याने हल्ली दिसत नाही गं."

ताई दार उघडून खाली उतरली.