वेळापत्रक मागून घेणाऱ्या प्रज्ञाताई

धुळ्याला देवपुरात आमच्या शेजारी प्रज्ञाताई राहतात. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि त्यांच्याच कॉलेजात आमचे हे, लीलाधर चौधरी, उपप्राचार्य आहेत. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि कॉलेजातल्या बातम्या इकडून तिकडे जातात. यांना वाटतं, फक्त कढीपत्ता जातो.

ताई मूळच्या नशिराबादच्या. वडील वाल्मीकआबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे गाड्यांच्या वेळा ताईंना पाढ्यांसारख्या पाठ. कोणी पाहुणा निघाला की घड्याळाकडे न बघता म्हणतील, "बसा अजून दहा मिनिटं, चहा होतो."

दर जूनला प्राचार्य समित्या वाटतात. क्रीडा, स्नेहसंमेलन, ग्रंथालय, सगळं दर दोन वर्षांनी या हातातून त्या हातात जातं. समान संधी केंद्र मात्र अकरा वर्षं ताईंकडेच. "मॅडम, हा तर तुमच्या जिव्हाळ्याचा विषय," असं प्राचार्य म्हणायचे. ताई बौद्ध आहेत म्हणून, असं कोणी म्हणायचं नाही. पण कळायचं सगळ्यांना. केंद्र म्हणजे जिन्याखालचं एक कपाट, त्यावर पाटी, वर्षाला दोन व्याख्यानं आणि एक अहवाल. ताई एकदा म्हणाल्या, "वहिनी, पोरं तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, आणि तीच तक्रार घेऊन मी दुसऱ्याच्या दाराशी जाते. माझ्या सहीनं तिथं खिडकीसुद्धा उघडत नाही."

मागच्या वर्षी रमिला चौरेचं वर्ष गेलं. साक्रीच्या डोंगराकडची मुलगी, बीएस्सीला होती. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून रोज एसटीनं यायची. गाडी स्टँडवर सव्वाआठला लागते, तिथून चालत कॉलेज पावणेनऊ. पहिला तास साडेसातचा, तोही यांच्या भौतिकशास्त्राचा. हजेरी भरली नाही, परीक्षेचा अर्ज परत आला. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, आणखी एक वर्ष बघतो, नाहीतर पोरगी घरी. ताईंनी केंद्राच्या नावानं वेळापत्रक समितीला पत्रं लिहिली. उत्तर यांचंच, कारण ती समिती कोणालाच नको, म्हणून वर्षानुवर्षं प्रमुख हेच: "वेळापत्रक सर्वांच्या सोयीने ठरते."

सर्वांच्या म्हणजे कोणाच्या, ते मला विचारा. साडेसातला कॉलेज भरलं की मास्तर मंडळी साडेबाराला घरी. हे गरम भाकरी खायचे आणि मी एकला मोकळी. त्या सोयीत मीही होते.

यंदाच्या जूनमध्ये हे बैठकीहून आले ते चप्पल न काढताच घरात.

"तुझ्या मैत्रिणीनं आज बठ्ठ्यांची, सगळ्या बैठकीचीच मजा केली! म्हणे, मला समान संधी केंद्र नको, वेळापत्रक द्या."

"वेळापत्रक? ते तर तुम्हालाही नको असतं."

"तेच ना! सगळ्या मास्तरांच्या शिव्या खायचं काम. आजवर कोणी मागून घेतलं नव्हतं. प्राचार्यांनी तिनं शब्द मागे घ्यायच्या आत हो म्हणून टाकलं."

"मग केंद्र कोणाला?"

हे पंख्याकडे बघत म्हणाले, "मला. ती म्हणाली, उपप्राचार्यांच्या हातात असलं तर अहवालात वजन येईल. प्राचार्यांना ते फार पटलं."

मला हसू आवरेना. "त्या विषयातलं मला काय कळतं?" म्हणून यांची कुरकुर चालू होती, तोवर भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, मला तरी कुठं कळत होतं? विचारत विचारत शिकले. किल्ली उद्या देते."

दुसऱ्या दिवशी यांनी कपाट उघडलं आणि एक फाईल घरी आणली. त्यात अकरा वर्षांतल्या चौदा पत्रांच्या प्रती होत्या. गाडीची वेळ, मुलांची नावं, किती जणांनी कॉलेज सोडलं, सगळं ताईंच्या नेटक्या अक्षरात. प्रत्येकीवर 'मिळाले' म्हणून यांचीच सही. चष्मा काढून हे मला म्हणाले, "अगं, मी एकही पूर्ण वाचलेलं नाही." मी बोलण्यासारखं त्यांनीच बोलून टाकलं होतं.

ताईंनी पहिला तास पावणेनऊला नेला. आठवडाभर देवपुरातली निम्मी मास्तर मंडळी त्यांच्याशी बोलत नव्हती. एकजण म्हणाले, "मॅडम, आमच्या झोपेचं तरी बघा." ताई म्हणाल्या, "उलट वाढवली की सर, सव्वा तासानं!"

जुलैत घाटात पाऊस लागला, गाडी रखडू लागली. रमिला रोज दहा मिनिटं उशिरा. मग केंद्रप्रमुख लीलाधर चौधरींनी वेळापत्रक समितीला जन्मातलं पहिलं पत्र लिहिलं. तीनदा खाडाखोड करून, शेवटी मला वाचून दाखवून. ताईंनी त्याच दिवशी तास नऊला नेला, आणि उत्तराची प्रत भिंतीवरून माझ्याच हाती दिली. "सरांना सांगा वहिनी, पत्र चांगलं जमलंय. वेलांट्या तेवढ्या बघायला हव्यात."

ऑक्टोबरात परीक्षेचे अर्ज भरले. रमिलाची हजेरी एक्क्याऐंशी टक्के. सही करताना यांनी मोठेपणानं विचारलं, "काय गं, गाडी आता वेळेवर पोचवते ना?"

"मला पोचवते सर," ती म्हणाली. "वर्गात तुमचीच वाट बघावी लागते."

शेजारच्या टेबलाशी ताई होत्या. हे सांगतात, त्या हसल्या नाहीत. ताई सांगतात, त्यांना खिडकीतून बाहेर बघत बसावं लागलं.