सेकंदाला किती हाका

"अंडी गार पडलीत रं," आक्का म्हणाली.

मी उबवणीच्या पेटीवरच्या लाल दिव्याकडं बोट केलं. "यंत्र चालू हाय की."

"दिव्याला काय करू? आत हात घालून बघ."

हात घातला आणि माझी झोप उडाली.

आक्का माझी थोरली बहीण, उत्रोलीला दिलेली. मानमोडीच्या साथीत तिच्या बहुतेक कोंबड्या गेल्या होत्या. उरलेल्या चार-दोन कोंबड्यांची अंडी तिनं जपून साठवली आणि विश्वासानं माझ्या पेटीत ठेवली. ती वाया गेली असती, तर खुराडं ओसच राहणार होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी पुण्यात एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर होतो; रजा काढून आक्काकडं राहायला आलो होतो. मायक्रोप्रोसेसर नवा आणि मला त्याचं खूळ. एका बोर्डासाठी मी हौसेनं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कुठलं काम कधी, हे तो ठरवतो. तोच बोर्ड मी या पेटीला जोडला होता. इथं काम सोपं होतं. पेटीतली ऊब मोजायची, कमी झाली की बल्ब लावायचा.

कारभाऱ्याला वेळ कळते ती टायमर नावाच्या चिपमुळं. तिला एक आकडा द्यायचा. तो उलटा मोजत ती शून्यावर येते आणि प्रोसेसरला हाक मारते. प्रोसेसर हातातलं काम टाकून वेळेची नोंद करतो, मग परत कामाला लागतो. आकडा जितका लहान, तितक्या हाका जास्त.

इतके दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. त्या दुपारी आंबेमोहोर भात जेवून ओटीवर बसलो होतो. बाहेर ऊन पेंगत होतं. मनात आलं, वेळ आणखी बारीक मोजता येईल की! आकडा अगदी लहान केला. सेकंदाला हजारो हाका. जगातल्या सगळ्या क्षणांचे तुकडे आपल्या मुठीत आले, असं वाटत वाटत डोळा लागला.

आक्कानं अंडी गोधडीत गुंडाळून चुलीजवळ मांडीवर घेतली. मी बोर्डापुढं बसलो.

"काय झालंय त्याला?"

"हाका लई येत्यात. त्यातनं ऊब बघायला सवडच न्हाई."

"मग हाका कमी कर. अंड्यांला कुठं घाई हाय?"

मी मोठा आकडा भरला. सेकंदाला दहा हाका. बल्ब लागला, आक्काचा चेहरा पिवळा उजळला. पेटी तापल्यावर तिनं एकेक अंडं आत ठेवलं. शेवटचं कानाशी धरून ती बराच वेळ बसली.

"हाय," ती हळूच म्हणाली. "आत कोन तरी हाय."

दिवस भरल्यावर काही अंडी उघडलीच नाहीत. पण बरीच उघडली. ओली, लटपटती पिल्लं पाहून मला रडू आलं.

पुढं ऑफिसात एक साहेब दर तासाला विचारायचे, "काम कुठवर आलं?" मी म्हणालो, "साहेब, दिवसातून एकदा विचारा, म्हणजे काही तरी झालेलं असेल." ते चिडले. मग मी त्यांना अंड्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यांनी विचारलं, "ठीक आहे, पण काम कुठवर आलं?"