पावाच्या भट्टीतले देव

बाबा गेल्यावर आईला मी साउथहॅम्प्टनजवळच्या आमच्या घरी घेऊन आले. कायमची, असं माझ्या मनात होतं. तिच्या मनात काय आहे ते मात्र कळेना, कारण तिने देव बॅगेतच ठेवले होते. रोज सकाळी बाहेर काढायची, पूजा करायची आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायची. देव मांडले की मुक्काम ठरला, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आमचं घर म्हणजे कुणा शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेलं विटांचं घर. हाताने थापलेल्या विटा, एक दुसरीसारखी नाही. लाल विटांत मधूनमधून एखादी जास्त भाजलेली, निळसर. तुळया इतक्या खाली की नवरा अजूनही डोकं आपटून घेतो आणि बोल मला लावतो. त्यातून ही लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे सरकारी यादीतली जपायची जुनी वास्तू. भिंतीत देवांसाठी कोनाडा खोदायचा म्हटलं तर आधी परवानगीसाठी कौन्सिलच्या विनवण्या. मी शेल्फ दाखवलं, एक कपाट रिकामं केलं. आईचं एकच, "अगं, देव काय पुस्तकं आहेत शेल्फवर ठेवायला?"

बैठकीच्या खोलीत माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल आहे. आम्ही ती पेटवत नाही. तिच्या आतल्या बाजूच्या भिंतीत पाव भाजायची जुनी भट्टी आहे, विटांची छोटीशी घुमटी. आम्ही तिच्यात रिकामी खोकी कोंबायचो. एका शनिवारी मी हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आले, तर खोकी बाहेर आणि आई पदर खोचून अर्धी भट्टीत. हात कोपरापर्यंत काळे.

"इथे कुणीतरी घरादारासाठी पोळ्या भाजत असणार," ती आतूनच म्हणाली.

"पाव गं, आई."

"तेच ते. आणि तोंड पश्चिमेला आहे हिचं. समोर बसलं की आपलं तोंड पूर्वेला. एवढी चांगली जागा घरात असताना तू मला प्लायवूड दाखवत होतीस!"

संध्याकाळी तिने आत पाट ठेवला आणि मधोमध अन्नपूर्णा बसवली. निरांजन लावलं तशी घुमटीची वीट न् वीट उजळली. ती बांधणारा गवंडी कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. समोर असता तर मी त्याचे पाय धरले असते. नवरा नमस्काराला वाकला आणि उठताना चुलीवरच्या तुळईवर आपटला. पहिल्यांदाच बोल मला लावला नाही.

मी भीत भीत विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं काढू?"

"देव बसले आता. त्यांना सारखं उचलायचं नसतं," आई म्हणाली आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिली.