खतखत्याचं मीठ

पेडण्यातल्या माझ्या शेजारणीचं नाक असं, की वाळपईत कुणाचं खोबरं करपलं तर ही इथे शिंकायची. चवथीचा नैवेद्य आधी चाखत नाहीत, म्हणून खतखत्याच्या भाजीचं मीठ ती वासावरच ठरवी. सुनेला चुलीजवळ फिरकू देत नसे.

एका चवथीला सर्दीनं तेच नाक बंद. पाहुण्यांनी घर भरून फुटायला आलेलं. मी दारात नारळ खोवत होतो. बाई वाफेत इतकी वाकली, की भुवया शिजल्या असतील. शेवटी तिनं पळी सुनेपुढे धरली.

"वास घे गो. कसां आसा?"

"मीठ उणां, आई."

"मगे घाल."

पंगतीत पाहुणे तिचं कौतुक करू लागले, तशी तिनं सुनेला दंडाला धरून बाहेर आणलं.

"हिका सांगा. मीठ हिणां घातलां."