पैलवान मुकेशची सुई आणि गौराबाई

हां, तर गौराबाई मुकेशच्या अंगणात शिरली ती चप्पल न काढताच. असा मान जामसर गावात ती दोघांनाच द्यायची. एक भगताला, दुसरा खोटं बोलणाऱ्या घराला.

गौराबाई म्हणजे पाड्यावरची आशाताई. पंधरा वर्षं गोळ्यांची पेटी घेऊन डोंगर चढणारी. पुरुषजातीबद्दल तिचं मत विचाराल, तर आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल ती याहून बरं बोलायची!

अंगणात पंच बसलेले. मुकेशच्या लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलेना, म्हणून बायकोला, प्रमिलाला, त्याच दुपारी वांगणीला माहेरी धाडायचं घाटत होतं. तिच्यावरून भगतानं तीनदा तांदूळ उतरवून कौल पाहिला, दवाखान्यानं रक्त तपासलं, सासू सुकरीनं कसल्या कसल्या मुळ्या पाजल्या. मुकेशला मात्र कुणी हात लावला नाही. तो तर पैलवान! भिवंडीच्या गोदामातून आला की दंड असे टरारलेले, की सदऱ्याच्या बाह्या कापून हिंडायचा. अशा गड्यात खोट? छे!

"कारभारी," गौराबाई पंचांच्या म्होरक्याला, म्हातारबा तुळशीदासांना म्हणाली, "सून काय खाते, सगळं विचारलंत. या रेड्याला काय टोचतात, ते विचारलं का?"

"मला कसला आजार नाय," मुकेश गुरगुरला. "औषध आजाऱ्याला लागतं."

"मग दर आठवड्याला मांडीत सुई कशाला खुपसतोस? देवीचा नवस हाय?"

ही सुई प्रमिलानं पाहिली होती, औषधाची रिकामी बाटली तिनंच गौराबाईच्या हातात दिली होती, आणि गौराबाईनं ती जव्हारच्या डॉक्टरांपुढे ठेवली होती.

"जिमवाल्यानं दिलं. ताकदीचं हाय," मुकेश पुटपुटला.

"ताकदीचं! डॉक्टर म्हणाले, हे बाहेरून टोचलं की अंग आपलं काम सोडून देतं, गड्याचं बीजच बनत नाय. बंद केलं तर बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात, कधी वर्षही. तपासणी करून घ्यायची. आणि ज्याला लेकरू हवंय त्यानं आपली गोळी-सुई आधी डॉक्टरला दाखवायची. आजाराची असेल तर मनानं बंदही करायची नाय."

"पण गडी दिसतो तर दांडगा," तुळशीदास म्हणाले.

"ताठ उभं राहतं ते कणीस पोचट असतं, कारभारी. भरलेलं वाकतं. आयुष्यभर भात लावलात, अन् हे मी सांगायचं?"

पंचांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. तुळशीदासांनी पागोटं खाजवलं आणि माहेरी धाडायची गोष्ट गिळून टाकली.

तेवढ्यात दारातून प्रमिला बोलली, "सोमवारी हा तपासायला गेला नाय, तर कुणी धाडायला नको. माझी मी जाईन."

आता घाम फुटला तो मुकेशला. बायको जाणार म्हणून फुटला असं वाटेल. पण पठ्ठ्यानं विचारलं काय?

"ताई, सुई बंद केली तर दंड उतरतील ना?"

गौराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उतरतील की. पण लेकरू जन्मतं तेव्हा तीन किलोचंच असतं रे, तेवढं उचलशील."