पोलादकाकांचा एकाआड एक ताप

पोलादकाकांना पोलाद हे नाव त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं होतं. वस्तीने फक्त मान डोलावली, कारण वाद घालायला कुणाला वेळ नव्हता.

धंद्याने ते शिंपी, आणि शिवायचे मच्छरदाण्या. वस्ती पाणथळ खोलगटात. घरांच्या मागे विटांसाठी माती काढलेले खड्डे, खड्ड्यांत बारा महिने पाणी, आणि दिवेलागणीला पाण्यावर डासांचा असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. बाहेरचा कुणी बदलीवर आला की पंधरा दिवसांत हिवतापाने आडवा. शाळेतला नवा मास्तर असो, नाहीतर रस्ता मोजायला आलेला साहेब, सूट कुणालाच नाही. वस्तीतली मोठी माणसं मात्र हिंडती-फिरती. फार तर एखाद्या दुपारी अंग कसकसायचं. तेवढं झोपून काढलं की परत कामाला.

असा एखादा साहेब कुडकुडत मच्छरदाणी न्यायला आला की काका कापड मोजता मोजता बाही वर सारून दंड पुढे करायचे.

"हे बघा साहेब. पाळण्यात होतो तेव्हापासून चावतायत. आता मला चावून डासच आजारी पडतात."

स्वतःच्या घरात एकही मच्छरदाणी नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "डॉक्टर कधी स्वतःला सुई टोचून घेतो का?"

हे पोलाद फुकट मिळालेलं नव्हतं, एवढं मात्र ते सांगत नसत. दहा वर्षांचे व्हायच्या आत सात-आठ वेळा हिवतापाने त्यांना लोळवलं होतं. प्रत्येक वेळी आई उशाशी बसून देवाला साकडं घाली, आणि ते उठत. पाठचा भाऊ तीन वर्षांचा होता, तो उठला नाही. वस्तीतल्या घराघरांत असं एक मूल होऊन गेलं होतं. जी मुलं उरली ती घट्ट झाली. देवाने आपल्याला का ठेवलं हे माणसाने विचारू नये, पण ठेवलं म्हणून मिरवूही नये. यातलं दुसरं काकांना कळायला बासष्ट वर्षं लागली.

काकू गेल्यावर लेकीने त्यांना आपल्या गावी नेलं. उंचावरचं कोरडं गाव, चौथ्या मजल्यावरचं घर, औषधालाही डास नाही. लेक शाळेत गणित शिकवायची. जावई भला माणूस. काकांनी पहिल्या वर्षी घरातले सगळे पडदे शिवले, दुसऱ्या वर्षी जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे. तिसऱ्या वर्षी फ्रिजला झालरीचा झगा झाला. चौथ्या वर्षी गॅलरीतल्या कुंड्यांना टोप्या शिवल्या, तेव्हा जावई दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, आता माझं माप घेतील, मला पिशवीत घालतील."

काकांनी तीच वेळ साधली. "मला माझ्या दुकानात जाऊ दे. इथे जीव रमत नाही. तिथे चार माणसं मला विचारतात, इथे लिफ्टसुद्धा विचारत नाही."

"तिथे हिवताप आहे, बाबा."

"मला?" काका इतके हसले की कुंडीची टोपी पडली.

लेक काही हसली नाही. "ठीक आहे. एक महिना. या महिन्यात ताप आला, तर दुकानाला कुलूप लावून कायमचं इथे यायचं. नाही आला, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. कबूल?"

"कबूल! तू आत्ताच विषय बंद केलास तरी चालेल."

एक तारखेला काका दुकानात. समोरच्या चहावाल्याने, त्यांच्या बालमित्राने, मिठीच मारली. हा चहावाला म्हणजे पाप्याचं पितर. फुंकर मारली तर उडेल असा, पण वस्ती सोडून एक दिवस कुठे गेला नव्हता. काकांनी पहिल्याच संध्याकाळी खड्ड्याकडेला स्टूल टाकलं, सदरा काढला आणि डासांना म्हणाले, "या रे, ओळखलंत का?"

डासांनी चांगलंच ओळखलं.

चौदा तारखेला पावणेपाचला काकांना वाटलं, वारा सुटलाय. त्यांनी दार लावलं. मग खिडकी लावली. मग दुकानातली सगळी जाळी अंगावर घेतली, तरी दातावर दात वाजतच राहिले. चहावाला चहा घेऊन आला तर बशीतला चहा काकांनी हातातल्या हातातच ढवळला.

"पोलाद, अरे तुला हीव भरलंय."

"गप. ऊन बाधलंय."

"ऊन बाधून कुणी कुडकुडतं का?"

"पोलाद तापून गार होतं, तेव्हा होतं असं."

तेवढ्यात फोन. लेक रोज पाचला शाळा सुटली की फोन करायची. काकांनी चेहरा दिसू नये म्हणून कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"बाबा, हा कट-कट-कट कसला आवाज येतोय?"

"म-म-मशीन गं! मोठी ऑ-ऑर्डर आहे."

फोन ठेवल्यावर चहावाला म्हणाला, "नर्सबाईंना बोलावतो."

काकांनी त्याचा हात धरला. दवाखान्यातल्या नर्सबाई आणि लेक एका बाकावर बसून शिकलेल्या. इकडे सुई टोचली की तिकडे बातमी. "अळीमिळी गुपचिळी. उद्या बरा होतो बघ."

आणि काका खरोखर दुसऱ्या दिवशी बरे! घाम येऊन ताप उतरला, पंधरा तारखेला त्यांनी लेकीला कॅमेऱ्यात दंड दाखवला, शिट्टी वाजवली, तीन मच्छरदाण्या शिवल्या. सोळाला पावणेपाचला पुन्हा तेच. सतराला पुन्हा ठणठणीत, आणि लेकीला सांगितलं की काल फोनची बॅटरी संपली होती. मग काकांनी स्वतःशी हिशेब बसवला की ताप वक्तशीर आहे, तेव्हा आपणही वक्तशीर व्हावं. तापाच्या दिवशी फोन बंद, सुटीच्या दिवशी चालू. अठराला फोन बंदच ठेवला, आणि एकोणीसला लेकीला सांगितलं, "काल नेटवर्क नव्हतं गं. इथे काय, असंच."

लेकीने तारखा मोजल्या. "तेरवा नव्हती बॅटरी. काल नेटवर्क. सोळा, अठरा. आणि चौदाला ते मशीन."

"हो ना. मेलं सगळं एकदमच."

"एकदम नाही बाबा. एकाआड एक."

मुलगी गणिताची बाई असली तरी जन्म तिचा याच वस्तीतला, हे काका विसरलेच होते.

वीस तारखेला दुपारी ती बसमधून उतरली ती थेट दुकानात. भांडली नाही, ओरडली नाही. चहावाल्याकडून चहा मागवला, भिंतीशी स्टूल ओढलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसली.

"कुणाची वाट बघतेस?" काकांनी विचारलं.

"येईल आता. वेळेचा पक्का आहे म्हणे."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली, आज एवढा एक दिवस गाडी चुकव त्याची. साडेचार झाले. काका गाणं गुणगुणू लागले. पावणेपाचला गाणं आपोआप अडखळत म्हटलं जाऊ लागलं. काकांनी झटक्यात पायमशीनपुढे बसून मान खाली घातली. दुकानात कट-कट-कट घुमलं.

"मो-मोठी ऑर्डर..."

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचे पाय मांडी घालून वर आहेत."

नर्सबाई आल्या, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन गेल्या, आणि तासाभराने औषध घेऊन परत आल्या. "हिवतापच आहे काका. आणि सहा दिवस लपवलात! या वयात जिवावर बेततं, कळतं का?"

"पण मला कसा येईल? माझं अंग मुरलेलं."

"मुरलेलं होतं. सारखे चोर येत होते तोवर तुमच्या अंगातला पहारेकरी जागा होता. तुम्ही त्याला चौथ्या मजल्यावर नेलंत. चार वर्षं एक चोर नाही. तो तिथे झोपून गेला."

"मग उठवा त्याला."

"उठतोय, पण तुमची हाडं खिळखिळी करून."

काका गाल फुगवून चहावाल्याकडे बघत म्हणाले, "आणि हा? हा काडीपैलवान कसा उभा आहे? तपासा बघू याला!"

नर्सबाईंनी त्याचाही थेंब नेला. आणि काय सांगावं, त्याच्याही रक्तात हिवतापाचे जंतू! ताप नाही, कणकण नाही, मजेत चहा उकळतोय.

"यांचा पहारेकरी जागा आहे," नर्सबाई म्हणाल्या. "चोर मरत नाहीत, दबून बसतात. पण यांना चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावला की चोर त्याच्या घरात."

चहावाल्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे पोलाद, तुला ताप मी दिला?"

"जन्मात एक वस्तू न मागता दिलीस," काका कण्हत म्हणाले, "तीही ही."

औषधं दोघांनाही मिळाली. दोन दिवसांनी ताप हटला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लेक उठून बघते तो काका बॅग भरत होते. मशीनवर कापड घातलेलं, कुलूप हातात.

"कबूल केलं होतं ना," ते म्हणाले. मग हळूच, "दोन वर्षं दिलीस तर परत पोलाद होऊन दाखवतो. चावून घेतो पुन्हा."

"पुन्हा म्हणजे पुन्हा आठ वेळा ताप? धाकट्या काकाचं काय झालं ते आजी मला सांगायची, बाबा." लेकीचा आवाज बारीक झाला. पाठच्या भावाचा विषय त्या घरात कित्येक वर्षांनी निघाला. काका कुलपाकडे बघत राहिले.

लेकीने डोळे पुसले आणि कुलूप त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मला पोलाद नको, बाप हवाय. इथे राहायचं तर राहा, पण रोज मच्छरदाणीत झोपायचं. पहिली थंडी वाजली की नर्सबाईंकडे. आणि फोन रोज लागला पाहिजे, सम तारखेलासुद्धा."

काकांनी बॅग इतक्या घाईने रिकामी केली की चार सदरे चहावाल्याच्या अंगावर गेले.

त्याच दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाची मच्छरदाणी शिवली. लेकीने ती खाटेला बांधली. दुसऱ्या दिवशी उजाडताच काका तरातरा खाटेवरून उठले, मच्छरदाणी खांद्यावर टाकली आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या बाजूने येऊन उभे राहिले. कपाळावर डास चावल्याच्या तीन गांधी.

"हे काय काम आहे?" त्यांनी रिकाम्या मशीनला दरडावलं. "डास आत येतात!"

चाळीस वर्षं तक्रार करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका एकच उत्तर देत आले होते. ते समोर चहा गाळणाऱ्या त्यांच्या मित्राला तोंडपाठ होतं. त्याने गाळणी थांबवली आणि काकांच्याच आवाजात सांगितलं,

"शिवण चोख आहे हो साहेब. तुम्हीच कड नीट खोचत नाही."