सुमेधाकाकूंचा उजवा कान

सुमेधाकाकूंशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या हाताला बसावं लागतं. सिंगापूरला, वुडलँड्सच्या आमच्या मजल्यावर हे सगळ्यांना माहीत आहे. सातव्या वर्षी, गावाकडे असताना, त्यांना गोवर आला. घरच्यांनी कडुलिंबाचा पाला अंथरला. अंगावरचं उतरलं, पण डावा कान गेला तो गेलाच, उजव्यानेही कमीच ऐकू येऊ लागलं.

"बाई पाढे म्हणायच्या, मला नुसते ओठ हललेले दिसायचे," काकू सांगतात. "मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवलं. मग तर काय, आनंदच. चौथीत शाळा सुटली."

म्हणून शाळेचं त्यांना भारी अप्रूप. मुलगा प्रबोध इथं इंजिनीयर. त्याची गार्गी पहिलीत गेली, त्या दसऱ्याला काकूंनी पाटीवर सरस्वती काढली आणि शेजारी गार्गीची लसींची वही ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिलं.

"आई, सरस्वतीला टोचून घ्यायचंय का?" प्रबोध म्हणाला.

"हस तू. प्रवेशाला आधी हीच मागितली ना?"

शाळेत जायच्या आदल्या वर्षी गार्गीला रक्ताचा कर्करोग निघाला होता. देवाच्या दयेने ती बरी होत आली. पण त्या औषधांनी आधीच्या लसींचा जोर धुऊन नेला. गोळ्या संपल्यावरही गोवरची लस पुन्हा द्यायला काही महिने थांबायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्गातल्या बाकीच्या मुलांनी घेतली आहे, तेच हिचं कुंपण.

त्याच सुमारास प्रबोधची अमेरिकेला बदली झाली. काकू इथंच, धाकट्या लेकीकडे, सुचित्राकडे राहिल्या. निघताना त्यांनी पाटी आणि वही एकाच लाल फडक्यात बांधून दिली.

ऑगस्टमध्ये प्रबोधचा फोन आला. "आई, इथल्या राज्याने शाळेची लसीची अट काढून टाकली आहे. वही कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. दोन-तीन महिने घरीच ठेवू का हिला?"

काकूंना ते खरंच वाटेना. शाळा म्हटल्यावर मुलांचं बघणारच, बाई कशाला असतात मग? म्हणाल्या, "शाळा बुडवू नको रे. एकदा मागे पडली की पडली. पाठव."

ऑक्टोबरात वर्गात गोवर शिरला. आधी एक मूल, मग सहा. शाळा दोन आठवडे बंद राहिली. उघडली तेव्हा अर्धी बाकं रिकामी, दोन वर्ग एकत्र केलेले, एक बाई नोकरी सोडून गेलेल्या. गार्गी तेव्हा गोवराने इस्पितळात होती. काकूंनी एकवीस दिवस अळणी खाल्लं. देव्हाऱ्यासमोरून उठल्या की लिफ्टपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. पोर वाचली.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा गार्गीचा व्हिडिओ कॉल आला. केस पुन्हा बारीक उगवलेले, चेहरा एवढासा.

"शाळेत जातेस ना गं आता?" काकूंनी विचारलं.

गार्गी पडद्यावर काकूंच्या ओठांकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने उजवा कान फोनला लावला.

"आजी, कान्ट हिअर, लाह," ती अजून इथल्याच बोलीत म्हणाली. "परत सांग."

काकूंचा फोन धरलेला हात खाली आला. पडद्यावर गार्गीच्या मागे प्रबोध उभा होता.

"मीच म्हणाले होते, पाठव," काकू मला म्हणाल्या.

मग त्यांनी फोन पुन्हा वर धरला. "प्रबोध, तिथल्या बाईंना सांग, हिला पुढच्या बाकावर बसवा. मागे नको."